खाडा पडला म्हणून रतीब बंद होत नाही

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयात लिपिक आहे आणि राज्यसेवेची तयारी करते. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, म्हणून रोज पहाटे पाच ते सात उत्तरलेखन करायचं ठरवते. आठ-नऊ दिवस जमतं. मग पाहुणे येतात, ताप येतो, मार्चअखेर येते. एक दिवस चुकतो आणि वही पुढे दोन महिने उघडत नाही. घरचे आरंभशूर म्हणतात. २१ दिवस नेटाने काढले की सवय लागते म्हणतात, पण तिथवर मी पोचतच नाही. – एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी ते २१ दिवस डोक्यातून काढा. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तितके दिवस जातात, असं एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६०च्या सुमारास नोंदवलं होतं. त्याचाच पुढे नियम झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे तपासल्या. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यम काळ ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब होता. तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे : मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

घरी दुधाचा रतीब असेल तर कॅलेंडरकडे बघा. दूध आलं नाही त्या तारखेवर आपण खाडा मांडतो आणि दुसऱ्या सकाळी पातेलं पुन्हा पुढे करतो. वहीचंही तसंच ठेवा. लिहिलं त्या दिवशी काही खूण नको, फक्त खाडा मांडायचा. नियम एकच : सलग दोन खाडे नकोत.

आता माप. दोन तास हे तुमच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचं माप आहे. रोजचं माप वाईट दिवसाला झेपेल असं हवं. रोज एक उत्तर, १५० शब्दांचं, बस्स. ताप असेल, मार्चअखेर असेल, तर उत्तराची फक्त प्रस्तावना, तीन ओळी. तोही दिवस भरला असं धरायचं. वेळ मिळाला तर पाच उत्तरं लिहा, पण उद्याचं माप वाढवू नका. तिथेच पुन्हा घसरण सुरू होते.

तयारी रात्रीच करायची. उद्याचा प्रश्न कोऱ्या पानाच्या वर हाताने लिहून ठेवा, त्यावर पेन, आणि वही चहाच्या जागेवर. सकाळी प्रश्न शोधायला मोबाईल उचलला की पंधरा मिनिटं गेलीच. ‘पाच वाजता लिहीन’पेक्षा ‘चहाचा कप खाली ठेवला की पेन उचलीन’ हे ठरवणं जास्त टिकतं, कारण घड्याळ चुकतं, चहा सहसा चुकत नाही.

पहिले दोन आठवडे वेळ मोजू नका. सुरुवातीला एका उत्तराला पंधरा-वीस मिनिटं लागतील. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत २० प्रश्न असतात. त्या हिशेबाने १५० शब्दांना सात आणि २५० शब्दांना अकरा मिनिटं पडतात. सात मिनिटांवर यायला काही महिने द्या. रविवारी नवं काही लिहू नका. आठवड्यातली तीन उत्तरं लाल पेनाने तपासा. प्रश्न ‘परीक्षण करा’ म्हणत असताना आपण नुसती माहिती उतरवली का, एवढंच बघा. बहुतेकांचे गुण तिथेच जातात. आठवड्याला सहाच धरली तरी ४० आठवड्यांत २४० उत्तरं होतात. हा आकडा लहान नाही.

प्रश्न : चाकणला कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. व्यायामाची ठरावीक वेळच राहत नाही. काय करावं? – एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : घड्याळातली वेळ ठरवूच नका, दिनक्रमातली जागा ठरवा. कुठल्याही शिफ्टला तुम्ही झोपून उठताच. उठलं, तोंड धुतलं, की सतरंजीवर उभं राहायचं. सूर्यनमस्कार घाला : पहिल्या आठवड्यात रोज चार, मग दर आठवड्याला दोन वाढवत बारापर्यंत. पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. नवखे लोक दोन चुका करतात : श्वास रोखतात, आणि पुढे वाकताना गुडघे ताठ ठेवण्याच्या हट्टाने कंबर दुखावतात. गुडघे थोडे वाकले तरी चालतील. कंबरेचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. एवढ्या नमस्कारांनी ते पुरं होणार नाही. सुट्टीच्या दिवशी आणि बसथांब्यापासून घरापर्यंत भरभर चालून उरलेलं भरून काढा. रात्रपाळीहून आल्यावर मात्र व्यायाम नको. आधी झोप. आणि धीर धरा : वरच्याच अभ्यासात खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयीला जवळपास दीडपट वेळ लागला होता.

प्रश्न : पाडव्यापासून चार सवयी लावायच्या आहेत : पहाटे उठणं, वाचन, रोजचा हिशेब आणि मोबाईल कमी करणं. सुरुवात कशाने करू? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मोबाईलने. रात्री साडेबाराला झोपणाऱ्याला पहाट सापडत नाही. चार्जर उशाजवळून काढून स्वयंपाकघरात लावा, गजराचं साधं घड्याळ आणा आणि उशाशी पुस्तक ठेवा. वाचनाची सोय त्यातच होते. महिन्याचे खाडे चारच्या आत आले की हिशेबाची वही काढा आणि रात्री मोबाईल चार्जिंगला लावायच्या आधी दिवसाचा खर्च लिहा. पहाटे उठणं सगळ्यात शेवटी, आणि तेही दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे सरकत.