काळं दिसलं की लगेच ‘कृष्णविवर’?

प्रश्न असा आलाय: छोट्या टेलिस्कोपमधून श्रवण ताऱ्याशेजारच्या बर्नार्ड १४३ या डार्क नेब्युलाचा, म्हणजे अवकाशातल्या काळ्या ढगाचा, फोटो काढलाय, खाली ‘कृष्णविवर’ लिहू की ‘काळा तेजोमेघ’, आणि हायड्रोजनचा लाल उजेड तेवढा आत सोडणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावायला हवा होता का?

कृष्णविवर अजिबात नको. ते ब्लॅक होल, इथे आहे नुसती थंडगार धूळ आणि वायू, मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवून बसलेली. आकाशातली भोकं म्हणून एकेकाळी खगोलवाल्यांनीही यांच्याकडे पाहिलंय म्हणा, ज्यांच्या नावाने हा १४३ ओळखला जातो ते अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड स्वतः कितीतरी वर्षं साशंक होते आणि १९१९ साली १८२ काळ्या डागांची यादी त्यांनी छापली, पण म्हणून आज आपण विवर म्हणायचं?

‘काळा तेजोमेघ’ त्याहून विनोदी, ज्याला स्वतःचं तेजच दिसत नाही तो कसला तेजोमेघ! रूढ झालाय म्हणे. रूढ तर उद्या कृष्णविवरही होईल. ‘अभ्रिका’ हा छान शब्द मराठीत तयार आहे, तो सोडून हे तेज कुणी चिकटवलं देव जाणे.

आता खरी गंमत. अभ्र म्हणजे ढग, त्यातूनच आपलं आभाळ आलं, म्हणून तर ‘आभाळ आलंय’ म्हणतो, आकाश काय येतं-जातं का? आभाळ म्हणजे फक्त आकाश असं सांगणाऱ्यांनी पावसाळ्यात जरा कान उघडे ठेवावेत. आणि ‘नेब्युला’ हा लॅटिन शब्द आपल्या ‘नभस्’चा सख्खा भाऊ, दोन्हींचा जुना अर्थ धुकं, ढग. श्रावण महिन्याचं वैदिक नावच नभस्, भाद्रपदाचं नभस्य, ऐन पावसाचे महिने ना! आणि श्रावणाला नाव मिळालं श्रवण नक्षत्रावरून, म्हणजे तुमचा नेब्युला बरोब्बर नभस्च्या ताऱ्याशेजारी बसलाय. योगायोग असेल, पण मी तर खाली ‘श्रवणाजवळचं नभ’ असंच लिहीन. फार वाटलं तर ‘काळी अभ्रिका’.

हां, फिल्टर. मृगातल्या घोड्याच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या नेब्युलाला, म्हणजे बर्नार्ड ३३ला, तो चालतो कारण मागे हायड्रोजनचा लाल उजेड आहे. तुमच्या १४३च्या मागे आकाशगंगेतले तारे, त्यांचा उजेड सगळ्या रंगांचा, तो फिल्टरने कापला तर धूळ उठून दिसणार कशावर? त्यापेक्षा अंधारी जागा गाठा, भरपूर एक्स्पोजर घेऊन ते स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो करा, आणि एडिटिंगमध्ये ब्लॅक पॉइंट, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं काळं होतं ती पातळी, ओढून सगळं ठार काळं करू नका, नाहीतर धुळीतल्या छटा जातात आणि फोटो बघून लोक परत विवरच म्हणणार.