४० वॅटवर १०० वॅटचे स्पीकर?

प्रश्न: माझा इंटिग्रेटेड अँप्लिफायर ४० वॅटचा, आवडलेल्या बुकशेल्फ स्पीकरवर मात्र १०० वॅट लिहिलंय. खोली १० बाय १२. जमेल का?

उत्तर: जमेल की! ते १०० म्हणजे स्पीकर किती सोसतो ते, तेवढे द्यायलाच हवेत असं नाही. खरं बघायचं ते सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, डेसिबलमध्ये (डीबी). ३ डीबी आवाज वाढवायला वॅट दुप्पट लागतात, म्हणजे ८७ ऐवजी ९० डीबीचा स्पीकर घेतलात तर तुमचे ४० वॅट ८० सारखे वाजतील, फुकटात. स्पीकर ४ ओहमचा असेल (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो कमी तितका अँप्लिफायरवर भार जास्त) तर अँप्लिफायरच्या मागे ४ ओहम चालतो असं छापलंय ना ते बघा, नाहीतर तो तापतो. आणि आवाज फाटायला लागला की नॉब लगेच मागे, क्लिपिंगमध्ये, म्हणजे अँप्लिफायरची ताकद संपून आवाज फाटतो तेव्हा, पहिला ट्विटर (उंच पट्टीचे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) जातो.