रेडिओचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते?
लगेच नवा पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता कंट्रोल) आणायला महाराणी रोडच्या बाजारात पळू नकोस. आधी प्लग काढ. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा जुना) रेडिओ असेल तर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, सांभाळून. पॉटच्या टर्मिनलजवळच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचे दोन थेंब सोड आणि शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरव. इंदूरच्या उन्हाळ्यातली धूळ कुठे म्हणून शिरत नाही! पॉटच्या आतल्या कार्बन ट्रॅकला (काळ्या पट्टीला) पॉलिशपेपर मात्र अजिबात लावायचा नाही, थर खरवडला की पॉट गेलाच. वायपरची, म्हणजे ट्रॅकवर सरकणारी पत्ती सैल वाटली तर ट्रॅककडे किंचित वाकव; जास्त वाकवलीस तर तीच ट्रॅक खाते.

तरीही खरखर राहिली तर कपलिंग कपॅसिटर (आवाजाचा सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) तपास. तो लीक असला की पॉटवर डीसी येतो, मग नवा पॉटही खरखरेल. पॉट बदलायचाच झाला तर लॉग (कानाला आवाज एकसारखा वाढतोय असं वाटतं तो) माग, लिनिअर नको.