मशीन नंबर काढतं, मग चार वर्षं कशाला?

प्रश्न: मुलीचं मेडिकल थोडक्यात हुकलं. आता ती बी.ऑप्टोम, म्हणजे डोळे तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टची पदवी, करायचं म्हणते. घरचे म्हणतात, चष्म्याचा नंबर मशीन काढतं, त्यासाठी चार वर्षं घालवायची? तिथे शिकवतात तरी काय? – एक आई, संगमनेर

ताई, नमस्कार.

मशीन नंबर काढतं हे खरं. पण आठ वर्षांचं पोर मशीनला डोळा लावतं तेव्हा जवळचं बघितल्यासारखा डोळ्याला जोर देतं, आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त येऊ शकतो. तो तसाच चष्म्यात गेला तर पोराचेच हाल. ही चूक पकडता येणं मला या शिक्षणातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

त्यासाठी रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेडाची रेघ टाकणारं हातातलं उपकरण, वापरायला शिकवतात. अंधाऱ्या खोलीत पेशंटला लांब बघायला सांगायचं आणि हातभर अंतरावरून उजेडाची रेघ त्याच्या डोळ्यावरून फिरवायची. बाहुलीत लालसर चमक दिसते. ती रेघेबरोबर सरकली तर प्लसची काच लावायची, उलट सरकली तर मायनसची. सरकणं थांबून अख्खी बाहुली एकदम उजळेपर्यंत काचा बदलायच्या. अंतर 67 सेंटीमीटर असेल तर आलेल्या काचेच्या आकड्यातून त्या अंतराचे 1.5 वजा करायचे. हात बसायला महिने लागतात. मुलं आधी नमुन्याच्या डोळ्यावर, मग एकमेकांच्या डोळ्यांवर सराव करतात. अजून बोलताही न येणाऱ्या बाळाचा नंबर याच रेघेने निघतो.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि भरपूर प्रकाशशास्त्र असतं. फिजिक्सचा कंटाळा असेल तर जड जाईल, हे तिला आत्ताच सांगा. पुढे स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बारकाईने बघायचं यंत्र), डोळ्याचा दाब, कॉन्टॅक्ट लेन्स, आळशी डोळा (लहानपणापासून नजर कमी राहिलेला). काचबिंदूची शंका आली की पेशंटला वेळेत डॉक्टरकडे पाठवायलाही इथेच शिकतात. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं.

एक मात्र स्पष्ट सांगते: ऑप्टोमेट्रिस्ट ऑपरेशन करत नाही. तिच्या मनात अजून सर्जनच असेल, तर आधी तिच्याशी मोकळेपणाने बोला.

मुंबईत लोटस कॉलेज, पुण्यात भारती विद्यापीठ इथे हा कोर्स आहे. कुठेही गेलात तरी शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, रोज स्वतःच्या हाताने किती पेशंट तपासायला मिळतात? आणि फॉर्म भरण्याआधी गावातल्या एखाद्या नेत्रालयात परवानगी काढून लेकीला अर्धा दिवस तपासणीच्या खोलीत बसवा. दुपारी घरी आल्यावर ती काय काय सांगते, ते नीट ऐका.