जंगलाच्या फाटकाला रेल्वेचे कुलूप

प्रश्न : कॅनडातील व्हँकूव्हर बेटावर मुलीकडे गेलो असताना जंगलात जाणाऱ्या रस्त्यावर कुलूप लावलेले लोखंडी फाटक पाहिले. सोबतच्या काउइचन आदिवासी बाई म्हणाल्या, "सीडरची साल काढायला आम्हाला इथे परवानगी मागावी लागते, आणि हे सारे जुन्या रेल्वेमुळे झाले." हे कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्या बाईंचे म्हणणे खरे आहे. हे बेट ज्यात येते तो ब्रिटिश कोलंबिया प्रांत १८७१ मध्ये कॅनडात सामील झाला तो रेल्वेच्या आश्वासनावर. पुढे बेटावरील एस्क्विमॉल्ट ते नानाइमो हा सुमारे १२० किलोमीटरचा लोहमार्ग बांधण्याच्या बदल्यात कोळसा खाणींचे मालक रॉबर्ट डन्समुइर यांच्या कंपनीला, १८८३-८४ च्या कायद्यांन्वये, साडेसात लाख डॉलर आणि जवळजवळ २० लाख एकर जमीन मिळाली, आणि तीही कोळसा व इमारती लाकडासकट. १८५० ते १८५४ या काळात बेटावरील काही आदिवासी समूहांशी १४ करार झाले होते. काउइचन लोकांशी मात्र एकही झाला नव्हता, म्हणजे त्यांनी आपली भूमी कोणालाच दिली नव्हती. रेल्वेच्या त्याच कायद्यांत गोऱ्या वसाहतवाल्यांना चार वर्षे एकरी एक डॉलर दराने शेतजमीन घेण्याची सोय आवर्जून ठेवली होती. आदिवासींच्या वाट्याला केवळ आखून दिलेले छोटे राखीव तुकडे आले, हा अन्याय मला फार बोचतो.

वास्तविक त्या भूमीवर रीतीने चालत आलेली मालकी होती. नदीत मासे धरण्याचा बांध कोणी कोठे घालायचा, हे घराण्यांनुसार ठरलेले असे. सीडरची साल वसंतात, खोडात रस चढल्यावर, एका बाजूने अरुंद पट्टीतच सोलतात, म्हणजे झाड जगते. आतल्या पापुद्र्याच्या टोपल्या विणतात. पण त्या भागातली जुनी झाडे बहुतेक तोडली गेली आहेत.

आपल्याकडे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, कारण ते जंगल सरकारच्या ताब्यात होते. बेटावरची जमीन मात्र रेल्वेकडून खासगी लाकूड कंपन्यांकडे गेली, म्हणून ते कुलूप आणि ती परवानगी; आणि आदिवासींशी १९९३ पासून चाललेल्या करारविषयक वाटाघाटींत खासगी जमिनीला हात लावायचा नाही असे सरकारचे धोरण राहिले. म्हणून काउइचनसह सहा समूहांच्या संघटनेने २००७ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे (अमेरिका खंडांतील देशांच्या संघटनेचा आयोग) दाद मागितली. देशांतर्गत वाटाघाटींतून त्यांना परिणामकारक न्याय मिळत नाही, हे मान्य करून आयोगाने २००९ मध्ये ती तक्रार दाखल करून घेतली.