जिताड्याच्या तळ्यात मीठ टाकावे का?

प्रश्न : अलिबागच्या खारपट्ट्यात आमचे दहा गुंठ्यांचे तळे आहे, पाणी गोडे. चार वर्षांपूर्वी सोडलेले जिताडे मासे छान वाढले, पण पिल्लू एकही दिसत नाही. मीठ टाकले तर अंडी देतील का?

उत्तर : मीठ टाकू नका. दीड मीटर खोली धरली तर तळ्यात सुमारे १५ लाख लिटर पाणी. त्याला समुद्राइतके खारे करायला लिटरमागे ३० ग्रॅम, म्हणजे ४५ टन मीठ लागेल. वर शेजाऱ्याचे भाताचे खाचर जाईल ते वेगळेच. शिवाय नुसते मिठाचे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे.

जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला खाडीच्या मुखाशी, समुद्राकडे उतरतो. त्याला हजार भागांत २८ ते ३५ भाग खारेपणा लागतो. नराचे शुक्राणू अंगात निपचित असतात, खारे पाणी लागले की धावू लागतात. रोहू-कटल्याचे नेमके उलटे : त्यांचे शुक्राणू गोड्या पाण्यात जागे होतात, तेही जेमतेम मिनिटभर. जिताड्याचे अंडे मोहरीच्या दाण्याहूनही लहान, आत तेलाचा थेंब. समुद्राच्या पाण्यात ते तरंगते, गोड्यात तळाशी बसून कुजते.

दुसरी अडचण तुमच्या लक्षात आली नसेल. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. तुमच्या तळ्यात आज बहुतेक नरच असावेत!

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले, तेही समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत, संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन. ते घरच्या तळ्याचे काम नाही. बीज, म्हणजे पिल्ले, हॅचरीतूनच (मत्स्यबीज केंद्रातूनच) आणा, आणि आणण्याआधी पिल्ले किती खारेपणात आहेत ते विचारून घ्या. एका शेतकऱ्याने पिल्लांच्या पिशव्या थेट गोड्या तळ्यात उलट्या केल्या, सकाळी पिल्ले पांढरी पडून काठाला लागलेली. टाकीत तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळत तीन-चार दिवसांत खारेपणा उतरवा.

तळ्यात रोहूचे जिरे (अंड्यातून नुकती निघालेली पिल्ले) वाढवत असाल तर उधाणाला उघाडी (खाडीचे खारे पाणी अडवणारे बांधातले दार) नीट बंद आहे ना, ते पाहा. मोठा रोहू थोडा खारेपणा सोसतो, जिरे सोसत नाही. आणि जिताड्याची पिल्ले आठवड्याला आकारानुसार वेगळी करा, नाहीतर मोठे धाकट्याला गिळते.