आधी खोली मोजा, मग लेन्स घ्या

प्रश्न : ताई, मी शाळेत चित्रकला शिकवतो. वय सेहेचाळीस. माझ्याकडे निकॉनची डी ५३०० बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि तिच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे. आता माणसांचे चेहरे टिपायचेत. सुरुवात आईपासून करणार आहे. ती ऐंशीची आहे, घराबाहेर फारशी पडत नाही, त्यामुळे फोटो घरातच काढावे लागतील. ओळखीतले सगळे सांगतात, पोर्ट्रेट म्हणजे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी, आणि ८५ मिमीची लेन्स, त्याशिवाय या भानगडीत पडू नकोस. दोन्ही एकदम घेणं झेपणार नाही. आधी बॉडी घेऊ की ८५? आणि या वयात सुरुवात करून काही जमेल का?

उत्तर : शेवटचा प्रश्न तुम्ही दबक्या आवाजात विचारलाय, म्हणून तोच आधी घेते. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना लेक-जावयाने पहिला कॅमेरा भेट दिला तो १८६३च्या डिसेंबरात. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याचा त्यांनी काचेचा स्टुडिओ केला आणि त्यात काढलेली पोर्ट्रेट्स आजही लोक थांबून बघतात. तुमच्या हाताशी तर त्यांच्यापेक्षा दोन वर्षं जास्त आहेत.

आता बॉडी. घेऊ नका. तुमच्या कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल आहेत. आईचा चेहरा भिंतीवर लावण्याएवढा मोठा छापलात तरी ते पुरून उरतील.

८५चं मात्र नीट समजून घ्या. तो सल्ला खोटा नाही, पण तो फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ × २४ मिमीच्या सेन्सरसाठी (उजेड टिपणाऱ्या पट्टीसाठी) आहे. तुमचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, म्हणजे त्याच दृश्यातला फक्त मधला भाग तुमच्या वाट्याला येतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ८५ लावली की ती १२८च्या आसपासच्या लेन्ससारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिली ८५ घेतली तेव्हा माझ्याकडेही असाच लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर होता. मावशीला खिडकीशी बसवलं आणि मागे सरकत गेले. पाठ दाराच्या कडीला टेकली, तरी मावशीचे मांडीवर गुंफलेले हात काही चौकटीत येईनात. खरं तर त्या हातांसाठीच मला तो फोटो हवा होता. पुढे तो कधीच काढता आला नाही. म्हणून हे इतकं कळकळीने सांगते आहे.

टेप घ्या आणि खोली मोजा. कॅमेरा उभा धरून डोकं आणि खांदे, म्हणजे ६० सेंटिमीटरभर उंची, चौकटीत हवी असेल तर तुमच्या कॅमेऱ्यावर ८५ मिमीला सव्वादोन मीटर अंतर लागतं. ५० मिमीला एक मीटर तीस पुरतं. कंबरेपर्यंतचा फोटो हवा असेल तर ८५ला सव्वातीन मीटरच्या पुढे जावं लागतं, ५०ला दोन मीटरच्या आत भागतं. यात तुम्हाला उभं राहायला अर्धा मीटर धरा. आईच्या पाठीमागेही मीटरभर जागा सोडा, नाहीतर भिंत चेहऱ्याला चिकटल्यासारखी दिसते. बहुतेक घरांतल्या खोल्यांचा निकाल इथेच लागतो.

विकत घ्यायच्या आधी तुमची १८-५५ लेन्स ५०वर फिरवा, झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाका आणि आठवडाभर तसेच फोटो काढा. जागा पुरते का, चौकट आवडते का, ते पैसे न घालवता कळेल. मग एकदा पट्टी काढून १८वर या आणि चेहरा तेवढाच मोठा दिसेपर्यंत पुढे जा. नाक फुगलेलं दिसेल, कान मागे पळालेले. दोष सगळे लेन्सला देतात, पण हे होतं अंतरामुळे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटिमीटर असतात. तुम्ही ४० सेंटिमीटरवर असाल तर कान नाकापेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्श्याने लांब पडतो. दीड मीटरवर तोच फरक शेकडा आठ उरतो. आईपासून सव्वा-दीड मीटर दूर राहिलात की तिचा चेहरा तुमच्या ओळखीचा दिसेल.

तेव्हा ५० मिमी एफ १.८ घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). मात्र नावात ‘जी’ असलेलीच. तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी ‘डी’ प्रकारची ५० त्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. तुमची सध्याची लेन्स ५० मिमीवर फार तर एफ ५.६च्या आसपास उघडते. १.८ची त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. घरातल्या उजेडात शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली जाऊ न देता काम करायचं तर हीच दहापट कामाला येते.

पण १.८ मिळाली म्हणून कायम १.८वरच राहू नका. हा मोह मला चांगला माहीत आहे. सव्वा मीटरवर या अ‍ॅपर्चरला, म्हणजे लेन्स एवढी उघडल्यावर, जेमतेम पाच सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, आणि तोही फोकसच्या पुढे-मागे मिळून. आईने मान तिरकी केली की तिचा पलीकडचा डोळा अलीकडच्यापेक्षा चार सेंटिमीटरभर मागे जातो. एक डोळा धारदार, दुसरा पाण्यात बुडाल्यासारखा. सुरुवातीला २.८ ते ४वर ठेवा. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो अलीकडच्या डोळ्यावर आणा. आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद देण्याची कॅमेऱ्याची पातळी, १६०० झाला तरी घाबरू नका. फोटोत थोडा रवा, म्हणजे दाणेदारपणा, दिसला तरी चालतो, हललेला डोळा चालत नाही.

फ्लॅश इतक्यात नको. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपासून हातभर अंतरावर, जरा तिरकी, खुर्ची ठेवा. घरातले दिवे बंद करा, नाहीतर एक गाल पिवळा येतो. दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता उभा करा आणि तो हळूहळू जवळ आणत सावली किती उजळते ते बघा. तुम्ही चित्रकलेचे शिक्षक, हे तुम्हाला माझ्याआधी दिसेल. आईच्या डोळ्यांत खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसेपर्यंत तिला हनुवटी किंचित वर करायला सांगा. तो चौकोन नसला की डोळे विझल्यासारखे येतात.

प्रश्न : निकॉनची वापरलेली ५० मिमी ‘जी’ लेन्स मिळतेय. काय बघून घ्यावी?

उत्तर : मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार ठिपके असू देत, फोटोत ते दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स तिथेच परत करा. मागच्या धातूच्या कड्याजवळ पत्र्याचा एक छोटा खटका असतो. तो बोटाने सरकवला की आतली पाती उघडतात आणि सोडला की झटकन मिटायला हवीत. रेंगाळली किंवा त्यांवर तेलाची चमक दिसली तर नको. पुढचं कडं चेपलेलं असेल तर लेन्स पडलेली आहे असं समजा.

जाताना आपलीच बॉडी आणि कार्ड न्या. छापलेला कागद टेबलावर ठेवून तिरक्या कोनातून १.८वर एका ओळीवर फोकस करा, असे दहा फोटो काढा. घरी येऊन मोठे करून बघा. तीच ओळ दरवेळी स्पष्ट आली असेल तर घ्या.